टीव्हीजवळचा छोटा कॉम्प्युटर, मोठी साठवण : सुटे भाग कसे निवडावेत?



आज घराघरांत मोठा टीव्ही आलाय. बऱ्याच शाळांमध्येही लोकवर्गणीतून टीव्ही बसलेत. पण दाखवायचं साहित्य मात्र दहा ठिकाणी विखुरलेलं असतं. स्नेहसंमेलनाचं चित्रीकरण एका सरांच्या फोनमध्ये, सहलीचे फोटो मॅडमच्या लॅपटॉपवर, डाउनलोड केलेले पाठ पेनड्राइव्हमध्ये आणि घरातल्या लग्नाची सीडी कपाटात. हे सगळं एका जागी ठेवायचं आणि नेट असो-नसो, टीव्हीवर लावायचं, यासाठी जो छोटा कॉम्प्युटर बनवतात त्याला होम थिएटर पीसी म्हणतात. तो टीव्हीखाली मावावा, आवाज करू नये आणि त्यात साठवण भरपूर असावी, एवढीच आपली अपेक्षा.

दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, "प्रोसेसर कोणता टाकू?" माझं म्हणणं असं, की या कॉम्प्युटरची निवड उलट्या क्रमाने करा. आधी साठवण ठरवा, मग कॅबिनेट, मग मदरबोर्ड आणि प्रोसेसर शेवटी. कारण पुढे प्रोसेसर बंद पडला तर दुसरा मिळतो. डिस्क बंद पडली तर दुसरी डिस्क मिळते, पण त्यातलं चित्रीकरण मिळत नाही.

पायरी १ : आधी हिशोब मांडा

व्हिडिओ किती जागा खातो ते त्याच्या बिटरेटवर ठरतं. सूत्र सोपं आहे. दर सेकंदाचे मेगाबिट गुणिले ३६००, भागिले ८. उत्तर येतं तासाला लागणारे मेगाबाइट. उदाहरण म्हणून एका घराचा हिशोब पाहू :

- डाउनलोड केलेले पाठ आणि माहितीपट : ५ मेगाबिटने तासाला २.२५ जीबी. ४०० तासांचे ९०० जीबी.
- फोनवर केलेलं फुल एचडी चित्रीकरण : १७ मेगाबिट धरले तर तासाला ७.६५ जीबी. १०० तासांचे ७६५ जीबी.
- फोटो : एक फोटो ४ एमबीचा धरला तर २०,००० फोटोंचे ८० जीबी.

बेरीज १,७४५ जीबी. पुढच्या काही वर्षांसाठी दुप्पट धरा, म्हणजे साधारण साडेतीन टीबी. म्हणून ४ टीबीची डिस्क.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. ४ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ३.६३ टीबी दिसते. दुकानदाराने फसवलेलं नसतं. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत. पाचवीच्या मुलांना गुणाकार-भागाकारासाठी हा हिशोब जरूर द्या. आपल्याच घरच्या फोनमधले आकडे असले की मुलं उत्साहाने करतात.

पायरी २ : पुन्हा मिळणारं आणि पुन्हा न मिळणारं

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. वरच्या यादीचे दोन भाग करा. पाठ आणि माहितीपट पुन्हा डाउनलोड होतात. पण पहिलीतल्या मुलाने बोट ठेवून, अडखळत केलेलं पहिलं वाचन पुन्हा चित्रित करता येत नाही. ते मूल आता सहावीत असतं. आजीने गायलेली ओवीही पुन्हा मिळत नाही.

आपल्या उदाहरणात न मिळणारा भाग म्हणजे चित्रीकरण आणि फोटो मिळून ८४५ जीबी, एकूण साठवणीच्या निम्म्याहून कमी. म्हणजे सगळ्याची दुसरी प्रत ठेवायला आणखी ४ टीबी लागतील असं नाही. २ टीबीच्या एका बाहेरच्या डिस्कवर हा भाग बसतो, वर वाढायलाही जागा राहते.

एका पालकांनी मला विचारलं होतं, "सर, आठ टीबीची एकच घेतली तर आयुष्यभराचं काम होईल ना?" जागेचं काम होईल, पण सुरक्षिततेचं होणार नाही. आठ टीबीच्या एका डिस्कपेक्षा चारची एक आणि दोनची एक केव्हाही बरी. आणि दुसरी प्रत त्याच कॉम्प्युटरमध्ये कायम जोडलेली नको. वीज पडली, दाब वाढला किंवा चोरी झाली तर दोन्ही जातील. महिन्यातून एकदा जोडा, प्रत घ्या, काढा आणि दुसऱ्या घरी किंवा मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवा.

दोन डिस्कवर एकाच वेळी तेच लिहिण्याची सोय, म्हणजे रेड, काही जण सुचवतात. एक डिस्क बिघडली तर काम थांबत नाही, हा तिचा फायदा खरा. पण मुलाने चुकून फोल्डर पुसलं तर ते दोन्हीकडून पुसलं जातं. त्यामुळे रेड म्हणजे बॅकअप नव्हे.

पायरी ३ : डिस्क कोणती?

सिस्टीमसाठी २५६ जीबीची छोटी एसएसडी घ्या. कॉम्प्युटर पटकन सुरू होतो. मोठ्या साठवणीसाठी मात्र साडेतीन इंची हार्डडिस्क अजूनही सर्वात परवडते. अडीच इंची डिस्क लहान असते, वीज कमी खाते, पण तेवढ्याच पैशात जागा कमी मिळते.

दुकानात एवढं विचारा, "ही डिस्क सीएमआर आहे की एसएमआर?" एसएमआर प्रकारात नोंदींच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात. एकदा भरून नंतर फक्त बघायचं असेल तर ती चालते. पण सतत लिहायचं-पुसायचं असेल किंवा रेड करायचं असेल तर सीएमआरच घ्या.

जुनी डिस्क साठवणीसाठी घेऊ नका. कोणी देतच असेल तर आधी क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्राममध्ये ती किती तास चाललीय आणि तिची तब्येत कशी आहे ते पाहा.

पायरी ४ : कॅबिनेट आणि मदरबोर्ड

मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड १७ सेंमी बाय १७ सेंमीचा असतो, साधारण दोन वह्या शेजारी ठेवल्यावर जेवढी जागा लागते त्याहून लहान. त्यासाठीचं कॅबिनेट निवडताना चार मापं विचारा : साडेतीन इंची डिस्क किती बसतात, प्रोसेसरचा पंखा किती उंचीचा चालतो, एसएमपीएस कोणत्या मापाचा लागतो आणि हवा कुठून आत-बाहेर जाते. फ्रॅक्टल डिझाइनचं नोड ३०४ हे यातलं प्रसिद्ध उदाहरण. ठोकळ्याएवढं कॅबिनेट, पण साडेतीन इंची सहा डिस्क बसतात. उलट, काही चपटी, देखणी कॅबिनेटं टीव्हीखाली शोभून दिसतात आणि त्यात मोठी डिस्क एकही बसत नाही.

मदरबोर्डवरचे सॅटा पोर्ट स्वतः मोजा. काही छोट्या बोर्डांवर एकच असतो. काहींवर एम.२ एसएसडी लावली की एक सॅटा पोर्ट बंद होतो. हे माहितीपत्रकात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

पायरी ५ : प्रोसेसर

व्हिडिओ बघायला ताकदवान प्रोसेसर लागत नाही. लागते ती व्हिडिओ उलगडणारी यंत्रणा, जी प्रोसेसरमधल्या ग्राफिक्स भागात असते. एच.२६४ हा जुना प्रकार सगळीकडे चालतो. एच.२६५ दहा-बिटसाठी इंटेलची सातवी पिढी किंवा पुढची बघा. एव्ही१ हा नवा प्रकार इंटेलमध्ये अकराव्या पिढीपासून उलगडतो. ग्राफिक्स असलेला इंटेलचा एन१०० हा चार कोअरचा, ६ वॅटचा छोटा प्रोसेसर २०२३ मध्ये आला. तो हे तिन्ही प्रकार सहज चालवतो आणि मदरबोर्डवर बसवलेलाच मिळतो. जोडीला ८ जीबी रॅम पुरे.

नावाच्या शेवटी एफ असलेला इंटेल प्रोसेसर घेऊ नका. त्यात ग्राफिक्स नसतं, मग वेगळं कार्ड, जास्त वीज आणि मोठं कॅबिनेट असा खर्च वाढत जातो.

पैसे कमी असतील तर कंपन्यांमधून निघालेला छोटा ऑफिस कॉम्प्युटर सेकंडहँड घ्या. त्यात साडेतीन इंची डिस्क बसते का ते उघडून बघा, कारण अगदी छोट्या, पुस्तकाएवढ्या मॉडेलमध्ये बसत नाही. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी अधिकृतपणे इंटेलची आठवी किंवा पुढची पिढी लागते. लिनक्स टाकणार असाल तर ही अट नाही.

पायरी ६ : वीज, उष्णता, आवाज

मोठी डिस्क सुरू होताना काही क्षण २० ते २५ वॅट घेते, नंतर ५ ते ८ वॅटवर येते. त्यामुळे एसएमपीएस फार मोठा नको, पण चांगल्या कंपनीचा हवा. इथे काटकसर केली तर डिस्क जाण्याचा धोका. लाइट वारंवार जात असेल तर छोटा यूपीएस घ्या. डिस्कवर लिहिणं चालू असताना वीज जाणं वाईट.

वापराचा हिशोबही करा. रोज सहा तास चालणारा २० वॅटचा कॉम्प्युटर वर्षाला सुमारे ४४ युनिट खातो. १०० वॅटचा जुना डेस्कटॉप २१९ युनिट. फरक दरवर्षी बिलात दिसतो.

मोठा पंखा हळू फिरतो, म्हणून आवाज कमी करतो. १२० मिमीचा पंखा ४० मिमीच्या पंख्यापेक्षा केव्हाही शांत. आपल्याकडे विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात बाहेर पारा ४५ अंशांजवळ जातो. अशा वेळी काचेच्या बंद कपाटात कॉम्प्युटर कोंडू नका. मागे-पुढे चार बोटं जागा मोकळी ठेवा आणि दर सुट्टीत धूळ झटका.

पायरी ७ : टीव्हीला जोडणी

४के टीव्ही असेल तर एचडीएमआय २.० किंवा पुढचा पोर्ट हवा. १.४ वर ४के चित्र सेकंदाला ३० वेळाच येतं. आवाज त्याच वायरमधून जातो. सॉफ्टवेअरमध्ये कोडी मोफत आहे, फोटो आणि व्हिडिओ नीट मांडून दाखवतं आणि फोनचा रिमोट करता येतो. पैसे भरून बघायच्या ओटीटी सेवा मात्र टीव्हीच्या स्वतःच्या ॲपवरच पाहा. कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये त्यातल्या अनेक सेवा पूर्ण दर्जाचं चित्र देत नाहीत.

खरेदीला जाण्यापूर्वी

कागदावर एवढं लिहून न्या : एकूण जीबी किती, त्यातले पुन्हा न मिळणारे किती, डिस्क किती आणि कोणत्या मापाच्या, सॅटा पोर्ट किती, टीव्हीखालच्या जागेची लांबी-रुंदी-उंची. पक्कं बिल घ्या. शाळेसाठी घेत असाल तर दुसऱ्या डिस्कचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरा. नंतर तिच्यासाठी पैसे सहसा निघत नाहीत.

कॉम्प्युटर घरी आला की पहिल्याच दिवशी सिनेमा लावायची घाई करू नका. आधी पुन्हा न मिळणाऱ्या भागाची दुसरी प्रत करा, दुसऱ्या डिस्कवरची दोन-चार चित्रीकरणं उघडून चालतात का ते बघा, डिस्कवर तारीख लिहून ती दुसरीकडे ठेवा. मग खुशाल मुलांना घेऊन टीव्हीसमोर बसा.