नव्या कंपायलरची नसती घाई

सेंटओएस ७ बरोबर येतो तो जीसीसी ४.८.५. हातातला कोड सी++१७ चा, म्हणून प्रस्तुत लेखकाने जीसीसी ९.१ चा सोर्स डाउनलोड केला आणि स्वतःच बिल्ड करायला बसला. जीएमपी, एमपीएफआर आणि एमपीसी या तीन लायब्ररींवाचून कॉन्फिगरच पुढे सरकेना. त्या आणून देणारी स्क्रिप्ट सोर्सच्याच ‘कॉन्ट्रिब’ फोल्डरात असते, हे त्याला दोन तासांनी कळलं. पुढे जुना कंपायलर नव्याला घडवतो, नवा स्वतःला पुन्हा दोनदा घडवतो, मग शेवटच्या दोन फेऱ्या ताडून बघितल्या जातात. यात संध्याकाळ संपली.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी. टर्मिनल आवृत्ती ९.१ सांगत होतं, तरी सीमेक ४.८.५ च हाकत होता. पहिल्या कॉन्फिगरला सापडलेला कंपायलर तो कॅशमध्ये लिहून ठेवतो आणि नंतर पाथ बदलला तरी तिकडे बघत नाही. म्हणून ‘सीसी’ आणि ‘सीएक्सएक्स’ आधी सेट करायचे आणि बिल्ड फोल्डर कोरा घ्यायचा.

मग लिंकर अडला. फंक्शन लायब्ररीत डोळ्यांना दिसतंय, तरी ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’! त्या लांबलचक नावात मध्येच ‘सीएक्सएक्स११’ अशी अक्षरं होती. २०१५ मध्ये जीसीसी ५.१ ने सी++ च्या स्ट्रिंगची आतली रचना बदलली, आणि लायब्ररी ४.८ ने बांधलेली. उपाय दोनच: लायब्ररी नव्याने बांधा, नाहीतर ‘यूज सीएक्सएक्स११ एबीआय’ हा मॅक्रो शून्य करून आपला कोड जुन्या रचनेवर आणा. निव्वळ सी मधल्या लायब्ररींना ही बाधा नाही.

एवढं करून प्रोग्रॅम सर्व्हरवर गेला आणि सुरूच होईना: ‘जीएलआयबीसीएक्सएक्स ३.४.२६ सापडत नाही’. तिथली सी++ लायब्ररी ३.४.१९ पर्यंतची. ती लायब्ररी प्रोग्रॅममध्येच स्टॅटिक लिंक केल्यावर गाडं हललं.

उलटा प्रवासही सुखाचा नसतो. जुना सी कोड जीसीसी १० ला दिला की हेडरमधल्या ग्लोबल व्हेरिएबलवरून ‘मल्टिपल डेफिनिशन’ येतं. तात्पुरतं ‘एफकॉमन’ देऊन भागतं. जाहीर न केलेलं फंक्शन वापरलं तर जीसीसी १४ पूर्वीसारखी नुसती वॉर्निंग देत नाही, थेट एरर देतो.

सगळ्यात बोचणारी गोष्ट नंतर कळली. याच सेंटओएससाठी ‘डेव्हटूलसेट’ नावाचा तयार संच होता. त्यातला नवा जीसीसी जुनीच स्ट्रिंग वापरतो, आणि सिस्टीमच्या लायब्ररीत नसलेला भाग प्रोग्रॅममध्येच स्टॅटिक जोडून देतो. म्हणजे लिंकर आणि सर्व्हर, दोघांचीही कटकट उरली नसती. आता लेखकाच्या मशीनवर प्रत्येक जीसीसी ‘ऑप्ट’खाली आपापल्या फोल्डरात असतो आणि सिस्टीमच्या कंपायलरला तो हात लावत नाही.