नॅनो बॅटरी : ढेकूळ आणि भुसभुशीत माती



नॅनो युरिया २०२१ साली आला, तेव्हापासून ‘नॅनो’ हा शब्द आपल्या कानावर आहे. आता फवारणी पंपाच्या बॅटरीबाबतही तो ऐकू येतो. हे काय प्रकरण आहे, ते पाहू.

लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली जपानच्या सोनी कंपनीने प्रथम बाजारात आणली. तिच्यात दोन थर असतात. चार्ज करताना लिथियम एका थरातून निघून दुसऱ्यात शिरते. पंप चालू केला की परत फिरते. हा दुसरा थर बहुधा ग्राफाइटचा असतो. त्याजागी सिलिकॉन घातले तर वजनाच्या मानाने सुमारे दहापट लिथियम मावते. मग अडचण कुठे? लिथियम शिरले की सिलिकॉन तिपटी-चौपटीने फुगते, निघाले की आकसते. आपले पलूस भागातले काळे रान पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तशातलीच गत. थोड्याच दिवसांत थराचा भुगा होतो.

यावर उपाय म्हणजे कण बारीक करणे. मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर. सिलिकॉनचा कण साधारण १५० नॅनोमीटरहून लहान असला तर फुगूनही फुटत नाही, असे प्रयोगात दिसले आहे. शिवाय ढेकळात पाणी मुरायला वेळ लागतो, भुसभुशीत मातीत चटकन मुरते. तसेच बारीक कणात लिथियम लवकर शिरते. मात्र कण फार बारीक केले तर नको त्या रासायनिक क्रिया वाढतात, खर्चही वाढतो.

पुण्याच्या ‘सी-मेट’ या सरकारी संस्थेत बॅटरीच्या साहित्यावर संशोधन चालते. भाताच्या तुसातील सिलिकेपासून नॅनो सिलिकॉन प्रयोगशाळेत तयार झाले आहे. बगॅसच्या राखेतही सिलिका असते. पण म्हणून उद्या राखेला दर मिळेल, असे कोणी धरून चालू नये!

सभासदांनी एवढे करावे :

१. नुसत्या ‘नॅनो’ शब्दाला जादा पैसे मोजू नयेत. बॅटरीचे अँपिअर-अवर आणि वॉरंटी पावतीवर लिहून घ्यावी.

२. फवारणी संपल्यावर लिथियम बॅटरी अर्धी चार्ज करून सावलीत, कोरड्या जागी ठेवावी. मी स्वतः एकदा उतरलेली बॅटरी तशीच पत्र्याच्या शेडात टाकली; पुढच्या हंगामाला ती उठलीच नाही.

३. जुनी लेड-ॲसिड बॅटरी मात्र पूर्ण चार्ज करूनच ठेवावी.

४. फुगलेली बॅटरी चार्जिंगला लावू नये.

कण कितीही बारीक असो, निगा नसेल तर बॅटरी टिकत नाही.

आपला,
ऊस विकास अधिकारी