रात्रींचा तपास

शास्त्रपाठ : योहान ३:१–२१, ९:१–३

निकदेम रात्रीं प्रभूकडे आला. तो लोकांत प्रतिष्ठित व धार्मिक गणला जात असे. तरी त्याच्या अंतर्यामीं काय उणें आहे तें प्रभूनें उघड केलें. आज रात्रींच होणाऱ्या एका दुसऱ्या तपासाविषयीं विचार करूं.

हत्तीरोग डासांमुळें पसरतो. त्याचे सुतासारखे किडे मनुष्याच्या लसिकावाहिन्यांत कित्येक वर्षें राहतात आणि त्यांचीं सूक्ष्म पिलें रक्तांत फिरतात. १८७२ सालीं कलकत्त्यास डॉ. लुईस यांनीं तीं मनुष्याच्या रक्तांत पाहिलीं. १८७७ सालीं चीन देशांत डॉ. मॅन्सन यांनीं तीं डासाच्या शरीरांत वाढतात असें दाखविलें. आपल्या देशांत हीं पिलें बहुतकरून दिवसा फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांत दडून असतात आणि रात्रीं, डास चावतो त्याच वेळीं, कातडीजवळच्या रक्तांत येतात. म्हणून आरोग्यसेवकही रात्रींच येतात आणि बोटास सुई टोचून थोडें रक्त कांचेवर घेतात.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. ज्याचा पाय सुजला आहे त्याच्या रक्तांत पुष्कळदां पिलें सांपडत नाहींत. उलट, धडधाकट दिसणाऱ्या शेजाऱ्याच्या रक्तांत तीं सांपडतात, व तोच नकळत रोग पसरविण्यास कारण होतो. यास्तव निरोगी दिसणाऱ्यांसही तपासावें लागतें. शंभरांत एक किंवा अधिक जणांच्या रक्तांत पिलें निघालीं, तर त्या भागांत सर्वांस औषध देण्याची योजना करतात. नागपुरास जानेवारी २०१९ पासून तीन औषधें एकत्र देण्यास आरंभ झाला. दोन वर्षांखालील बालकें, गरोदर स्त्रिया व फार आजारी मनुष्यें यांस तीं देत नाहींत. गोळ्या घेतल्यावर कोणास ताप किंवा घेरी आली, तर तें बहुधा किडे मरत असल्याचें चिन्ह असतें; तरी आरोग्यसेवकास कळवावें.

आपल्या जालना जिल्ह्यांतील पुष्कळ कुटुंबें ऊसतोडीस व मजुरीस परजिल्ह्यांत जातात. तेथें रात्रीं कोणी कोपीशीं येऊन बोट पुढें करावयास सांगेल, तेव्हां "मी तर बरा आहे" असें म्हणून त्यास परत पाठवूं नका. निकदेमही लोकांच्या दृष्टीनें बराच होता. ज्यास आपण बरे आहों असें वाटतें, त्यासच तपासाची अधिक गरज असते. देहाविषयीं हें खरें, तसेंच आत्म्याविषयींही.

परंतु रोग म्हणजे पापाची शिक्षा असें कोणीं समजूं नये. जन्मांधाविषयीं शिष्यांनीं तोच प्रश्न केला, आणि प्रभूनें तो विचार नाकारला. हत्तीरोग स्पर्शानें होत नाहीं. तरी सुजल्या पायाची बहीण प्रीतिभोजनाच्या पंक्तींत एका बाजूस बसते, आणि आपण तें पाहून गप्प राहतों. तिचा पाय दररोज साबण व स्वच्छ पाण्यानें धुवून हलकेंच कोरडा करण्यास साह्य करावें. त्यानें जखमा व तापाचे झटके कमी होतात. प्रभूनें शिष्यांचे पाय धुतले, तर आपण कां लाजावें?

मननासाठीं प्रश्न

१. निकदेम रात्रीं कां आला असावा?
२. निरोगी दिसणाऱ्यानें रक्त कां द्यावें?
३. आपल्या मंडळींत रोगामुळें मागें बसणारें कोण आहे, आणि येत्या रविवारीं त्याच्याजवळ कोण बसेल?