मोटारसायकलीच्या तेलकाचेचा बदललेला रंग

पल्सर, बुलेट यांसारख्या मोटारसायकलींच्या अनेक नमुन्यांत इंजिनाच्या उजव्या अंगास, तळाजवळ, एक लहान वाटोळी काच बसविलेली असते. तिच्यालगत कमाल व किमान पातळीच्या दोन खुणा असतात. झाकण न उघडता आतील तेल किती आहे व कसे आहे, हे कळावे अशी ही योजना आहे. परंतु काही वर्षे वापरलेल्या गाडीची काच पुष्कळदा पिवळट, तपकिरी किंवा दुधाळ झालेली आढळते. अशा वेळी मालक एक तर तिकडे दुर्लक्ष करतो, अथवा घाबरून इंजिन खोलावयास लावतो. दोहोंतही नुकसानच आहे. रंग बदलला आहे तो काचेचा की तेलाचा, हे प्रथम ठरविले पाहिजे.

त्यासाठी गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर उभी करावी. मधला स्टँड नसल्यास एकाने ती सरळ धरून ठेवावी. बाजूच्या स्टँडवर गाडी डावीकडे कलते व उजवीकडील काचेत तेल कमी दिसते. इंजिन दोन-तीन मिनिटे चालवून बंद करावे आणि तेल तळाशी उतरेपर्यंत थोडा वेळ थांबावे. काच बाहेरून फडक्याने स्वच्छ पुसावी. वरचा धुरळा व चिखल हेच कित्येक वेळा रंग बदलण्याचे कारण असते! नंतर एकाने गाडी सावकाश डावीकडे कलवावी व दुसऱ्याने काचेकडे पाहावे. तेलाची रेघ खाली उतरली पाहिजे. ती उतरली आणि मागे तपकिरी छटा राहिली, तर तो काचेवरील डाग होय. जुने तेल तापून त्याचा रोगणासारखा पातळ थर काचेस आतून चिकटतो. त्याने इंजिनास अपाय होत नाही.

अपाय होतो तो या डागाने केलेल्या फसवणुकीमुळे. डागाची वरची कड नेहमीच्या तेलपातळीवर असते. डेअरीला दूध घालण्यास निघालेला शेतकरी रोज सकाळी काचेकडे पाहतो, वरच्या खुणेपर्यंत तपकिरी रंग दिसतो आणि त्याचे समाधान होते. प्रत्यक्षात तेल जळून किंवा गळून निम्म्यावर आलेले असते. पुढे एके दिवशी भर रस्त्यात पिस्टन धरतो, आणि शे-पाचशे रुपयांच्या तेलाऐवजी बोअर व नवा पिस्टन यांचा खर्च अंगावर पडतो. गाडी कलवूनही संशय फिटत नसेल, तर तळाचा बोल्ट काढून तेल मापात ओतून घ्यावे व माहितीपुस्तिकेत दिलेल्या मापाशी ताडून पाहावे. याहून खात्रीची परीक्षा नाही.

आता तेलाचाच रंग बदलला असेल तर काय, ते पाहू. काचेत दूध घातलेल्या कॉफीसारखा रंग दिसला, म्हणजे तेलात पाणी मिसळले असे समजावे. हे पाणी नेहमी बाहेरूनच येते असे नाही. एक लिटर पेट्रोल जळताना सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने निर्माण होते. त्यातील बहुतेक धुराबरोबर निघून जाते. थोडी वाफ पिस्टनच्या कड्यांजवळून खाली उतरते व थंड इंजिनात तिचे थेंब होतात. घरापासून मळ्यापर्यंत एक-दोन किलोमीटरच गाडी फिरली, तर तेल पुरते तापत नाही आणि हे पाणी उडून जात नाही. पावसाळ्यात व थंडीत हे विशेष घडते. अशा वेळी गाडी वीस-पंचवीस किलोमीटर सलग चालवून पुन्हा पाहावे. दुधाळपणा नाहीसा झाला तर काळजीचे कारण नाही.

तो टिकून राहिला, तर गाडी ओढ्याच्या पाण्यातून गेली होती काय, किंवा फवारणी पंपाच्या जोरदार धारेने धुतली होती काय, याची चौकशी करावी. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी, इंजिन चालू न करता, तळाचा बोल्ट हलकेच सैल करावा. मोकळे पाणी तेलापेक्षा जड असल्यामुळे प्रथम तेच बाहेर येते. असे पाणी आढळल्यास, किंवा तेल तसेच दुधाळ निघाल्यास, ते सर्व काढून टाकून नवे भरावे. रेडिएटर असलेल्या गाडीत मात्र कूलंटची पातळीही पाहावी. ती घटत असेल तर पॅकिंग किंवा पाण्याच्या पंपाचे सील निकामी झाले असण्याचा संभव आहे. ती गाडी चालवू नये. मिस्त्रीकडे ढकलत न्यावी.

काळे तेल म्हणजे बहुधा मुदत संपलेले तेल. त्यास जळका वास येत असेल आणि गाडी चढावर घसरल्यासारखी वाटत असेल, तर क्लच प्लेटा पाहाव्यात. बहुतेक मोटारसायकलींत क्लच, गिअर व इंजिन यांना एकच तेल पुरते. म्हणूनच मोटारीचे तेल यात घालू नये, डब्यावर जासो एमए ही खूण पाहूनच घ्यावे. करडी, चंदेरी चमक ही सर्वांत वाईट. ती झिजलेल्या धातूची असते. चुंबकाला कण चिकटले तर लोखंड. न चिकटले तर ॲल्युमिनियम असण्याचा संभव अधिक. तेल न भरताही पातळी चढली आणि पेट्रोलचा वास आला, तर कार्बोरेटर असलेल्या गाडीत फ्लोटची सुई अडकून पेट्रोल खाली झिरपत असते. असे तेल पातळ होते व वंगणाचे काम करीत नाही.

डागाळलेली काच क्लचचे झाकण काढण्याचा प्रसंग येईल त्या वेळी आतून रॉकेल किंवा डिझेलने पुसून घ्यावी. ती पुष्कळदा प्लॅस्टिकची असते. थिनर लावल्यास तडकते. काढलेले तेल विहिरीजवळ वा बांधावर ओतू नये, जनावरांच्या जखमांवर तर मुळीच लावू नये. जुन्या डब्यात भरून ते गॅरेजमध्ये, वापरलेले तेल गोळा करणाऱ्याकडे द्यावे.