न गंजणाऱ्या पोलादाची झीज

स्टीलचे नवे ताट आरशासारखे चकाकते. तारेच्या घासणीने ते रोज घासले, की काही महिन्यांतच त्यावर बारीक ओरखडे उमटतात. ताट गंजत मात्र नाही. गंज न चढणे आणि झीज न होणे हे दोन वेगळे गुण आहेत.

स्टेनलेस स्टील म्हणजे किमान साडेदहा टक्के क्रोमिअम असलेले पोलाद. नेहमीच्या वापरातील एका प्रकारात सुमारे १८ टक्के क्रोमिअम आणि ८ टक्के निकेल असते. क्रोमिअमचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा, अतिशय पातळ पापुद्रा तयार होतो. तो पोलादाचे रक्षण करतो आणि ओरखडा पडल्यास आपोआप पुन्हा धरतो.

पण हे पोलाद मऊ असते. धातूची कठिनता मोजण्यासाठी त्यावर हिऱ्याचे टोक ठरावीक भाराने दाबतात व उमटलेला खळगा मोजतात. विकर्स नावाच्या या मोजपट्टीवर वरील पोलादाची कठिनता साधारण २०० भरते. लोहार विळ्याला पाणी देतो, तसे तापवून विझवल्यानेही ते कठीण होत नाही. निकेलमुळे त्याची अंतर्गत रचना बदलत नाही. ताटाचे यामुळे काही बिघडत नाही. रासायनिक कारखान्यातील पंपाचे किंवा झडपेचे मात्र बिघडते. स्टीलवर स्टील घासले, की दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना चिकटतात व त्यांचे कण उखडतात. स्टेनलेसचा नट बोल्टवर आवळताना असा काही रुततो, की शेवटी तो कापूनच काढावा लागतो.

साध्या पोलादावर यासाठी नायट्रायडिंगचा उपाय विसाव्या शतकाच्या आरंभापासून ज्ञात आहे. (कारखान्यात रुळलेला हाच शब्द येथे योजला आहे, त्यासाठी नवा संस्कृत शब्द घडवण्याची गरज नाही.) बंद भट्टीत सुमारे ५०० ते ५५० अंश सेल्सिअस तापमानाला अमोनिया वायू सोडला, की त्याचे विघटन होऊन नायट्रोजनचे अणू पोलादात शिरतात आणि पृष्ठभाग कठीण होतो.

स्टेनलेस स्टीलवर ही क्रिया केली तेव्हा दोन अडचणी आल्या. पहिली अडचण त्याच्या संरक्षक पापुद्र्याची. तो नायट्रोजनलाही आत येऊ देत नाही. दुसरी अधिक गंभीर होती. कठिनता १,००० च्या वर गेली, पण त्या उष्णतेत नायट्रोजनने क्रोमिअमशी संयोग करून क्रोमिअम नायट्राइडचे सूक्ष्म कण बनवले. क्रोमिअम या कणांत अडकून पडल्यामुळे पापुद्रा धरण्यास ते पुरेसे उरले नाही. झीज थांबली आणि गंज सुरू झाला. ज्या गुणासाठी हे महाग पोलाद घेतले, तोच गेला.

१९८० च्या दशकाच्या मध्यास इंग्लंडमधील बर्मिंगहॅम व जपान येथील संशोधकांच्या कामातून मार्ग दिसला, आणि तो उष्णता कमी करण्याचा होता. तापमान सुमारे ४५० अंशांच्या खाली ठेवले, तर क्रोमिअमचे अणू जागचे फारसे हलू शकत नाहीत. नायट्रोजनचे लहान अणू मात्र त्यांच्यामधील फटींत शिरून बसतात. स्फटिकाची जाळी फुगते, ताणली जाते व कठीण होते. या थराला ‘एस-फेज’ म्हणतात. त्याची कठिनता १,००० हून अधिक भरते, घर्षणाने होणारी झीज अनेक पटींनी घटते आणि क्रोमिअम मोकळे राहिल्यामुळे गंजरोधही टिकतो.

हे काम बहुधा प्लाझ्माच्या साहाय्याने करतात. निर्वात पात्रात थोडा नायट्रोजन व हायड्रोजन सोडून विजेचा दाब दिला, की धातूभोवती जांभळट प्रभा पसरते. विद्युतभारित कणांच्या माऱ्याने अडथळा आणणारा पापुद्रा निघून जातो व नायट्रोजनला वाट मिळते. भारतात गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेने हे तंत्र उद्योगांपर्यंत नेले आहे.

यात घाई चालत नाही. कमी तापमानाला अणू सावकाश सरकतात. कित्येक तासांनंतरही थर बहुधा पाच ते वीस मायक्रॉनच भरतो, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी. वेळ वाचवण्यासाठी भट्टी पन्नास-साठ अंशांनी वाढवली, तर भाग बाहेरून तितकाच कठीण निघतो. क्रोमिअम गेल्याचे ओल्या जागी गंज चढेपर्यंत कळत नाही.

शिवाय हा थर मऊ पोलादावर बसलेला असतो, गादीवर ठेवलेल्या काचेसारखा. हलक्या घर्षणात तो उत्तम टिकतो. जड भार एकाच ठिकाणी पडला, तर खालचे पोलाद दबते व वरचा थर तडकतो. त्याचे तुटलेले कठीण कण मग दोन पृष्ठभागांमध्ये सापडून वाळूसारखे घासत राहतात.