वळवाच्या वादळाची चाहूल

मार्च ते मे हा महाराष्ट्रात वळवाचा काळ होय. उन्हाने तापलेल्या जमिनीवर समुद्राकडून बाष्पयुक्त हवा आली, की दुपारनंतर तासा-दोन तासांत वादळ उभे राहते. ह्या वादळांत वीज पडून दरवर्षी शेतात राबणारी माणसे आणि गुरे दगावतात. वादळ थोपविणे आपल्या हाती नाही. परंतु त्याची चाहूल ओळखून वेळीच शेत सोडणे आपल्या हाती निश्चित आहे.

ढगांची भाषा

सकाळपासून वारा पडलेला असणे आणि अंगावरचा घाम न वाळणे, हे हवेत बाष्प साठल्याचे पहिले लक्षण. दुपारी कापसाच्या ढिगांसारखे पांढरे ढग दिसू लागतात. ते पसरट राहिले तर फारशी भीती नसते. मात्र एखादा ढग रुंदीपेक्षा उंचीने झपाट्याने वाढू लागला, तर सावध व्हावे. त्याचा माथा फुलकोबीच्या गड्ड्यासारखा रेखीव असेपर्यंत तो वाढतच असतो. पुढे हा माथा धूसर होऊन लोहाराच्या ऐरणीप्रमाणे आडवा पसरतो. ढगाचा वरचा भाग गोठून बर्फकणांचा झाल्याची ती खूण होय. असा ढग १२ किलोमीटरहून अधिक उंच जाऊ शकतो.

सुखद वाटणारा इशारा

दिवसभराच्या उकाड्यानंतर एकाएकी गार वाऱ्याची झुळूक येते, धूळ उडते आणि माणसे सुखावतात. हाच क्षण सर्वांत फसवा असतो. ढगातून पडणाऱ्या पावसाचे काही थेंब वाटेतच वाळतात, त्यामुळे हवा थंड व जड होऊन खाली कोसळते आणि जमिनीवर चहूकडे पसरते. गार झोत हा वादळाचा अग्रदूत असून तो आला म्हणजे हातात फार थोडा अवधी उरला, असे समजावे. पावसाचे थेंब पडण्याची वाट पाहू नये. पाऊस जेथे पडत असतो, तेथून कित्येक किलोमीटर दूरही वीज पडू शकते.

विजेचे अंतर

प्रकाश तत्काळ दिसतो, तर ध्वनीला एक किलोमीटर येण्यास सुमारे ३ सेकंद लागतात. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत ३० सेकंद मोजले गेले, तर वीज सुमारे १० किलोमीटरवर आहे. हे अंतरही सुरक्षित नव्हे. गडगडाट कानी पडताच पक्क्या घराचा किंवा बंद मोटारीचा आश्रय घ्यावा आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर पडू नये. झाडाचा आडोसा कधीही घेऊ नये. तळ्यात वा नदीत असल्यास त्वरित बाहेर यावे. जवळ आसराच नसेल, तर दोन्ही पाय जुळवून, डोके खाली घालून उकिडवे बसावे. जमिनीवर आडवे पडू नये.

वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज उरत नाही. त्याला स्पर्श करण्यास न भिता छातीवर दाब देण्याचा व कृत्रिम श्वासोच्छ्वासाचा उपचार ताबडतोब सुरू करावा.

गावाचे कर्तव्य

भारतीय हवामान विभाग पुढील तीन तासांचा तात्कालिक अंदाज प्रसृत करतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे मोबाइल ॲप परिसरातील विजांची सूचना देते. परंतु मोबाइल घरी ठेवून शेतात गेलेल्या मजुरापर्यंत ही सूचना पोचत नाही. म्हणून ग्रामपंचायतीने ध्वनिक्षेपकावरून इशारा देण्याची जबाबदारी एका व्यक्तीवर सोपवावी. शिक्षकांनी सेकंद मोजण्याचा पाठ मुलांकडून करवून घ्यावा; मुले तो घरी नेतील. शेतातले अर्धवट काम दुसऱ्या दिवशी पुरे करता येते. गेलेला माणूस मात्र परत येत नाही.