माळवदावर माती वाढवू नकोस

नांदेड,
कोजागरी पौर्णिमा

चि. बाळ,

सोयाबीन निघालं, परतीचा पाऊस गेला, आता माळवदावर दोन ट्रॉल्या पांढरी माती टाकून घेतो, असं तू फोनवर म्हणालास. आजीच्या खाटेवर पाणी गळतं म्हणून तुझा जीव तळमळतो, हे मला ठाऊक आहे. गळती काढायलाच हवी आणि थंडी पडायच्या आतच काढायला हवी. भिंती ओल्या राहिल्या तर आजीचा दमा बळावेल. शिवाय अवकाळीचा भरवसा नाही. 2023 साली नोव्हेंबरच्या अखेरीसच त्याने मराठवाडा झोडपला होता. पण नवी माती मात्र चढवू नकोस.

दहा बाय दहाच्या खोलीवर एक फूट माती म्हणजे साडेचार-पाच टन वजन. भिजली की आणखी जड. गळलं की माती टाकायची, ही आपल्याकडची जुनी रीत. जुनी न काढता वर्षानुवर्षं थर चढत गेले आणि खालच्या तुळया मात्र त्याच राहिल्या.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात काय झालं, ते तुझ्या जन्माआधीचं आहे. मातीत रचलेल्या दगडी भिंती ढासळल्या, वरची माळवदं झोपलेल्या माणसांवर आली आणि हजारो माणसं दगावली. आपला कळमनुरी तालुकाही स्वस्थ नाही. 21 मार्च 2024 ला आखाडा बाळापूरच्या बाजूला 4.5 तीव्रतेचा धक्का बसला. 10 जुलैला रामेश्वर तांड्याजवळ पुन्हा तेवढाच. म्हणून आपल्या घरावरचा भार उतरवणं हीच खरी दुरुस्ती.

आता काम कसं करायचं ते सांगतो. पाणी जिथे टपकतं तिथेच भोक असेल असं धरू नकोस. ते तुळईच्या कडेने वाहत येऊन भलतीकडे पडतं. आतून ओलीच्या खुणांचा माग काढ आणि मग वर शोध. ऑक्टोबरच्या उन्हात माती तडकते, तेव्हा भेगा उघड दिसतात. उंदरांची बिळं, मुंग्यांची घरं, गवताची मुळं, तुंबलेली पन्हळ, हेच बहुतेक वेळा गळतीचं मूळ असतं.

माती उपसण्याआधी प्रत्येक तुळई विळ्याच्या मुठीने ठोकून बघ. पोकळ वाजली तर वाळवी लागली समज. सुताराला दाखव आणि टेकू दिल्याशिवाय वर चढू नकोस. माती एका बाजूने न काढता सगळीकडून सारखी, थोडी थोडी उतरव. आठ इंचांच्या आसपास ठेव. किल्लारीनंतर जुनी घरं बळकट करताना तज्ज्ञांनी हेच सांगितलं होतं. त्या थराला पन्हळीकडे उतार दे. त्यातलीच वरची थोडी माती बाजूला करून शेततळ्याला वापरतात तसा जाड प्लास्टिकचा कागद अखंड अंथर, कडेला कठड्यावर वर घे आणि उन्हाने फाटू नये म्हणून तीच माती त्यावर पसरून चोपून घे.

आता स्वयंपाकघराचं छप्पर. त्याच्या पत्र्यांवर ठेवलेले दगड आधी खाली घे. मार्चच्या धक्क्यानंतर प्रशासनानेही लोकांना हेच बजावलं होतं. पत्रे हुकांनी पाइपाला आवळ. भोक नेहमी पत्र्याच्या उंचवट्यावर पाड, खोलगट भागात नको, कारण पाणी तिथूनच वाहतं. रबरी वायसर कडक झाले असतील तर सगळे बदल. पत्र्यावर चढण्याआधी घराचा मेन स्विच बंद कर; ओल्या पत्र्यात करंट उतरून माणसं गेली आहेत.

हळद काढणीला लागली की मजूर मिळणार नाहीत, म्हणून दिवाळीआधीच हात घाल. एकट्याने वर चढू नकोस. सुताराचे आणि कागदाचे पैसे मी देईन, त्यात संकोच करू नकोस. वहिनींना नमस्कार, आजीला दंडवत सांग.

आणि ट्रॅक्टरवाल्याला आजच नको म्हणून कळव.

तुझा,
काका